पुढच्या वर्षाची तयारी

आज शाळा व्यवस्थापन समितीची मीटिंग झाली, पुढच्या वर्षाचा शाळा विकास आराखडा घेऊन बसलो होतो आणि खरं सांगते, लई समाधान वाटलं. शिक्षण हक्क कायद्यानं समितीत किमान ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला लागतात, पण वाळवा तालुक्यातल्या आमच्या या छोट्या शाळेत आज त्या बायकाच जास्त बोलत होत्या. एकजण म्हणाली, बाई, पावसात पहिलीच्या वर्गात पाणी गळतं, आधी ती कौलं बघा, रंग नंतर. बरोबर आहे तिचं!

पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस नि ८०० तास शिकवणं व्हायला हवं, त्यात ट्रेनिंग, गावची यात्रा सगळं बसवायचं.

पण जास्त वेळ गेला तो ऊसतोड कामगारांच्या पोरांवर. दिवाळीच्या आसपास बीडकडनं टोळ्या येतात, कारखाना बंद झाला की पोरं परत, मग नुसतं पटावर नाव लावून काय उपयोग, आल्या आल्या कुणाला किती वाचता येतं ते बघायचं, पुस्तकं आधीच बाजूला काढून ठेवायची आणि जाताना शिक्षण हमी कार्ड, म्हणजे पुढच्या शाळेत दाखवून शिक्षण चालू ठेवायचं कार्ड, भरून हातात द्यायचं असं ठरलं. हीच पोरं दोन्हीकडच्या नियोजनातनं सुटतात हो, मला त्यांची फार काळजी वाटते.

पहिलीत येणाऱ्या पोरांच्या शाळापूर्व तयारी मेळाव्याचं अंगणवाडीच्या ताईंशी बोलणं झालंय. गावात कुणाकडं गोष्टींची पुस्तकं पडून असतील तर शाळेत आणून द्या, जूनच्या आत मिळाली तर बरं.