शेजारी कोणता माल आहे? : आमची वाटचाल

२००६ साली काम सुरू केलं तेव्हा आमच्याकडे एक करवत, दोन हातोडे, भाड्याचा टेम्पो आणि चार माणसं होती. न्हावा शेवा बंदराच्या मागे, द्रोणागिरीच्या बाजूला कंटेनरची जी गोदामं आहेत, तिथे लॅशिंगची कामं घ्यायचो. कंटेनरमध्ये माल भरून झाला की तो समुद्रात हलू नये म्हणून लाकडी ठोकळे बसवायचे, पाचरी ठोकायच्या, पट्टे आवळायचे. आमचे सुतारमामा संगमेश्वरकडचे. त्यांनी ठोकलेली पाचर पहारीशिवाय निघत नसे. माल पाठवण्याची व्यवस्था लावणारे फॉरवर्डर फोनवर आधी विचारायचे, "मामा आहेत ना?" मगच काम द्यायचे.

माल कोणता, हे आम्ही कधी विचारलं नाही. ड्रम की पेट्या, वजन किती, कट-ऑफ म्हणजे माल बंदरात पोचवायची शेवटची वेळ कधी, एवढ्यावर सगळं चालायचं.

२०११च्या मे महिन्यात आमच्या हातून चूक झाली आणि ती आम्हीच केली. हायड्रोजन पेरॉक्साईडचे निळे प्लास्टिक ड्रम होते, ५० टक्के तीव्रतेचे. आम्ही ते आमच्याच आवारातल्या जुन्या लाकडी पॅलेटवर, म्हणजे मालाखाली घालायच्या फळ्यांच्या चौकटीवर चढवले, दोन ड्रमांच्या मध्ये लाकूड ठासलं आणि दार लावलं. तीन आठवड्यांनी फोटो आले. वाटेतल्या बंदरात कंटेनर दुसऱ्या जहाजासाठी थांबला असताना दाराच्या फटीतून धूर दिसला होता. एका ड्रमचं झाकण पाझरलं होतं आणि खालची पॅलेट कोळशासारखी काळी पडली होती. तिथल्या लोकांनी पाण्याचा मारा करून ते विझवलं. कोणाला इजा झाली नाही. कंटेनर यार्डात उभा होता म्हणून, एवढंच त्याचं कारण.

मामांनी फोटो बराच वेळ पाहिला. म्हणाले, "दादा, लाकूड चांगलं सुकलेलं होतं हो." त्यांच्या दृष्टीने लाकडात दोष असेल तर तो ओलाव्याचा. पण पेरॉक्साईड स्वतः जळत नसलं तरी ज्याच्यावर सांडेल त्याला प्राणवायू पुरवतं, आणि आमच्या पॅलेटवर तर वर्षानुवर्षांचे तेलाचे डाग होते. ज्या लाकडाच्या जोरावर आमचं नाव झालं होतं, तेच त्या कंटेनरमध्ये सगळ्यात धोकादायक ठरलं.

त्या रात्री मला आजोबा आठवले. ते दाणाबंदरला हमाली करत. १४ एप्रिल १९४४चा गोदीचा स्फोट आमच्या घरात शंभरदा सांगून झालेला. फोर्ट स्टिकिन जहाज, व्हिक्टोरिया गोदी, अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, सोन्याच्या विटा उडून लांबवर पडल्या. लहानपणी आम्हाला त्या विटांचंच कुतूहल. पण त्या जहाजावर इंग्लंडहून दारूगोळा चढला होता आणि वाटेत कराचीला कापसाच्या गासड्या भरल्या होत्या. आग लागली ती कापसाच्या बाजूने. कापूस आणि दारूगोळा एका पोटात ठेवायला कोणीतरी होकार दिला होता. आम्ही पेरॉक्साईडच्या बुडाखाली लाकूड ठेवलं, त्यात आणि यात फरक फक्त आकाराचा.

मग शिकायला लागलो. माझं शिक्षण आयटीआयपर्यंतचं, इंग्रजी कच्चं. समुद्रावरच्या धोकादायक मालाचा जो आयएमडीजी कोड आहे, तो सुरुवातीला एकेक पान बोट ठेवून वाचावा लागे. मालाचे नऊ वर्ग, प्रत्येक पदार्थाचा चार आकडी यूएन क्रमांक, दर दोन वर्षांनी होणारी सुधारणा हे हळूहळू पाठ झालं. मन गुंतलं ते वेगळं ठेवण्याच्या तक्त्यात. कोणता माल कोणापासून दूर, कोणाच्या मध्ये अख्खा कप्पा सोडायचा, हे त्यात आडव्या-उभ्या चौकटींत मांडलेलं असतं. सायनाईडजवळ ॲसिड का नको, हे एकदा समजलं की तो तक्ता कोरडा वाटत नाही. २०१४ मध्ये पनवेलच्या एक रसायनशास्त्राच्या पदवीधर मॅडम आमच्याकडे आल्या, आणि तेव्हापासून आम्ही नुसते लॅशिंगवाले राहिलो नाही. माल निघण्याआधी त्याच्या सगळ्या प्रवासाचा धोका तपासून देणं हे आमचं मुख्य काम झालं.

या कामातला मोठा भाग गोदामात उकिडवं बसून करायचा असतो. प्लास्टिकचा ड्रम आडवा केला की बुडाशी घड्याळासारखा छाप दिसतो. कडेला १ ते १२ आकडे, मध्ये वर्ष आणि महिन्याकडे रोखलेला बाण. धोकादायक मालासाठी असा ड्रम बनल्यापासून पाच वर्षं चालतो. ५५ टक्क्यांहून तीव्र नायट्रिक ॲसिडला दोनच. एकदा ऐंशी ड्रमांच्या खेपेत मॅडमनी सहा ड्रम मुदत उलटलेले काढले. वरून धुऊन चकचकीत केलेले, लेबलं नवी कोरी, बुडाचा बाण मात्र सात वर्षांपूर्वीचा. माल त्याच रात्री बंदरात जायचा होता. मालक म्हणाले, "सहाच तर आहेत, साहेब. इतकी वर्षं पाठवतोय." मालाची माहिती देणारं जे पत्रक कंटेनरबरोबर जातं, त्यावर आम्ही सही केली नाही. ते काम गेलं आणि त्यांची पुढची कामंही गेली. त्या वर्षी दोन महिने पगार उशिरा झाले, याचं मला आजही वाईट वाटतं. सही न केल्याचं नाही वाटत.

स्टिकर, फलक, वजनाचं प्रमाणपत्र या गोष्टी नियमाने कराव्याच लागतात आणि आता बहुतेक जण नीट करतात. माल उभा कुठे राहणार, हा प्रश्न मात्र फार कमी लोक विचारतात.

ते मला बांगलादेशच्या सीमेवरच्या पेट्रापोलने शिकवलं. २०१६ मध्ये भिवंडीच्या एका व्यापाऱ्याला बांगलादेशातल्या रंगाई कारखान्यांसाठी हायड्रोज पाठवायचं होतं. कापड रंगवताना लागणारी ही पांढरी पावडर, यूएन १३८४, आपोआप पेट घेणाऱ्या वर्गातली. ओल लागली की आतून तापते आणि गंधकाचा घुसमटवणारा वायू सोडते. लोखंडी ड्रम उत्तम होते, कागद बिनचूक होते. तरी मी म्हटलं, रस्ता बघून येतो. दोन हजार किलोमीटरहून जास्त अंतर, आणि शेवटी जेसोर रोडच्या जुन्या प्रचंड झाडांखाली ट्रकांची रांग. बनगावच्या पार्किंगमध्ये ड्रायव्हर स्टोव्ह मांडून राहत होते. कोणी आठ दिवस थांबलेला, कोणी पंधरा. पलीकडे बेनापोलला आपल्या ट्रकमधला माल उतरतो आणि तिकडच्या ट्रकमध्ये चढतो, म्हणजे प्रत्येक ड्रम आणखी दोनदा माणसांच्या हातांतून जाणार. त्यात आषाढाचा पाऊस. आणि ट्रकच्या मागेच पेटलेला स्टोव्ह.

परत येऊन व्यापाऱ्याला सांगितलं, शेठ, माल पावसाळ्यानंतर पाठवा. पाठवाल तेव्हा ड्रमच्या आत जाड पिशवी हवी, ड्रम ट्रकच्या फळीपासून वर उचललेले हवेत, ताडपत्री दुहेरी हवी. ड्रायव्हरच्या हातात हिंदीत एक कागद दिला. त्यात पहिली ओळ, ड्रममधून वाफ दिसली तर बादलीने पाणी ओतू नका, लांब व्हा आणि फोन करा. घरात आग दिसली की माणूस आधी पाण्याकडे धावतो, आणि इथे तेच घात करतं. शेठनी दोन महिने थांबायचं कबूल केलं. त्यांचे आभार मी इथेही मानतो, कारण थांबण्याचा खर्च त्यांनी सोसला.

त्यानंतर आमच्या तपासणीत एक रकाना वाढला : वाटेत माल सांडला तर तो कोण उतरवून घेईल? २०२१च्या मे महिन्यात कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल हे कंटेनर जहाज जळालं, तेव्हा या रकान्याची किंमत सगळ्या धंद्याला कळली. त्यावरचा नायट्रिक ॲसिडचा कंटेनर आधीपासून गळत होता. कतारच्या हमाद बंदरात तो उतरवून घेतला गेला नाही, आपल्या गुजरातच्या हजिऱ्यातही नाही. जहाज तसंच पुढे गेलं. २० मे रोजी आग, २ जून रोजी ते बुडालं, आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यावर प्लास्टिकच्या दाण्यांचे थर साचले. गळणारी पेटी कोणालाच आपल्या दारात नको असते. म्हणून ती गळू नये याची काळजी जिथून ती निघते तिथेच घ्यावी लागते.

९ जून २०२५ला केरळच्या समुद्रात वान हाय ५०३ हे कंटेनर जहाज पेटलं. ते कोलंबोहून न्हावा शेव्यालाच येत होतं. २२ पैकी १८ खलाशी वाचले, चार बेपत्ता झाले. त्या दिवशी आमच्या ऑफिसात कोणी फारसं बोललं नाही. जहाजावरच्या माणसाला कंटेनर उघडून बघता येत नाही. त्याच्या झोपण्याच्या जागेपासून शंभर पावलांवर काय आहे, हे तो फक्त माल पाठवणाऱ्यांनी दिलेल्या पत्रकावरून ठरवतो. त्या पत्रकात "क्लीनिंग पावडर" लिहून आत क्लोरीनची भुकटी भरणारे अजूनही भेटतात. भाड्याचे थोडे पैसे वाचतात म्हणून. अशांचा फोन आला की मी कारणासकट नाही म्हणतो, आणि मग ते कुठे गेले असतील या विचाराने झोप लागत नाही.

आज आम्ही अकरा जण आहोत. मामा दोन वर्षांपूर्वी गावी गेले, त्यांचा मुलगा लॅशिंग बघतो. तो पेरॉक्साईडसारख्या, प्राणवायू पुरवणाऱ्या मालाच्या कंटेनरमध्ये लाकूड घालत नाही, प्लास्टिक पॅलेट आणि हवेच्या पिशव्या वापरतो, आणि आत पाऊल टाकण्याआधी कंटेनरची फरशी हाताने पुसून हात नाकाशी नेतो. मागच्या खेपेतलं तेल, पेंड, भुसा, काहीही असू शकतं. कट-ऑफ संध्याकाळी सहाचा असला तरी साडेचारला कोणीतरी गोदामात असतं, एक ड्रम आडवा केलेला असतो, बुडाचा बाण वाचून झाला की मॅडमना फोन येतो, आणि मगच पत्रकावर सही होते.