इंटरनेट चालू, हिशेब बंद

मस्जिद बंदरमधील कागदाच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे मी हिशेबाचे काम पाहतो. संगणकाशी माझा संबंध नोंदी करण्यापुरता आणि प्रिंट काढण्यापुरताच. त्या सोमवारी २० तारीख होती, म्हणजे जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरण्याचा शेवटचा दिवस. उशीर झाल्यास रोज ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज लागते.

सकाळी हिशेबाचा प्रोग्राम उघडताच ‘सर्व्हरशी जोडणी झाली नाही, इंटरनेट तपासा’ असा संदेश आला. शेजारच्या टेबलावर बँकेचे संकेतस्थळ सुरळीत उघडत होते. तरीही संदेशात इंटरनेटचे नाव असल्यामुळे शेठ इंटरनेटवाल्याशी फोनवर भांडत बसले आणि दुपार झाली.

संगणक दुरुस्त करणारा मुलगा वसईला दुसऱ्या कामात अडकला होता. मी फोन करताच त्याने विचारले, “काका, शुक्रवारनंतर ऑफिसात नवीन काय आलं?” शनिवारी राउटर बदलला होता. आमची सारी खाती आतल्या खोलीतील संगणकावर असतात आणि बाकीचे संगणक त्याला आयपी पत्त्यावरून, म्हणजे नेटवर्कमधील त्याच्या क्रमांकावरून शोधतात, त्यात बाहेरच्या इंटरनेटचा काही संबंध नसतो, हे मला तेव्हा प्रथमच कळले. हे पत्ते राउटर वाटतो. जुना राउटर १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते देत असे, नवा १९२.१६८.० ने सुरू होणारे देऊ लागला. भाडेकरू डोंबिवलीला राहायला गेला तरी त्याची पत्रे गिरगावातल्या चाळीतच येत राहावीत, तसा माझा प्रोग्राम जुन्याच पत्त्यावर हाका मारत होता.

आतल्या संगणकावर काळी खिडकी उघडून, त्याने एकेक अक्षर सांगितले तसे मी ‘आयपीकॉन्फिग’ टाइप केले आणि नवा पत्ता कागदावर उतरवून घेतला. माझ्या टेबलावरून त्या पत्त्याला ‘पिंग’ करून, म्हणजे तिथला संगणक हाकेला ओ देतो का ते पाहिले, तर उत्तरच येईना. इथे मी धीर सोडला असता. पण विंडोज अनोळखी नेटवर्कला ‘पब्लिक’ धरते आणि मग फायरवॉल हा संगणकाचा पहारेकरी शेजारच्या संगणकांनाही दारात अडवतो, हे त्या मुलाला ठाऊक होते. आतल्या संगणकाच्या सेटिंगमध्ये ते नेटवर्क ‘प्रायव्हेट’ केले, तेव्हा कुठे पिंगला उत्तर आले. प्रोग्राममध्ये नवा पत्ता भरल्यावर खाती उघडली आणि विवरणपत्र संध्याकाळी भरून झाले.

राउटर बंद-चालू झाल्यावर पत्ता पुन्हा बदलू नये, म्हणून त्या मुलाने दुसऱ्या दिवशी येऊन आतल्या संगणकाचा पत्ता राउटरमध्येच राखून ठेवला. आमच्या प्रिंटरलाही जुनाच पत्ता दिलेला निघाला. तेही काम त्याच फेरीत उरकले.