गाडीचं बिल आणि कर्जाची वही

सोमवार, रात्री

गाडीच्या दुरुस्तीचा आकडा आज कळला. क्रेडिट कार्डाच्या कर्जापोटी मी दर महिन्याला जेवढे भरते, त्याच्या अडीचपट. फोनवर "बरं दादा, उद्या येऊन बघते" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. पोटात गोळा आला होता. सगळं कसं मार्गी लागलं होतं, वहीतला बाकीचा आकडा दर महिन्याला थोडा थोडा उतरत होता, आणि आता हा दुष्काळात तेरावा महिना.

एक गोष्ट मी आधीपासून ठरवून ठेवली आहे. वाईट आकडा ज्या दिवशी कळतो, त्या दिवशी पैशाचा निर्णय घ्यायचा नाही. गाडी रस्त्यात बंद पडलेली नाही, गॅरेजमध्ये उभी आहे. एका रात्रीत तिचं काही बिघडत नाही, बिघडू शकतं ते माझंच डोकं. "बिल हप्त्यांत करून देतो, व्याज लागणार नाही" असंही गॅरेजवाल्या दादांनी सांगितलं. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण अशा बिनव्याजी हप्त्यांना बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी असते, रोखीची सूट मिळणार असेल तर ती जाते, आणि मुख्य म्हणजे एक कर्ज संपवता संपवता दुसरं सुरू होतं. घाबरलेला माणूस अशा वेळी "चालेल" म्हणून मोकळा होतो. म्हणून आज होकारही नाही आणि नकारही नाही.

ही नुसती माझ्या मनाची समजूत नाही. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांचा एक अभ्यास आला होता. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या एका मॉलमध्ये आलेल्या लोकांना त्यांनी कल्पना करायला सांगितलं होतं, ती नेमकी गाडी बिघडल्याची. काहींना दुरुस्तीचा खर्च १५० डॉलर सांगितला, काहींना १,५०० डॉलर. त्या खर्चाचा विचार डोक्यात घोळत असतानाच त्यांना आकृत्यांची कोडी सोडवायला दिली. खर्च लहान होता तेव्हा कमी उत्पन्नाचे आणि चांगल्या उत्पन्नाचे लोक सारखेच गुण मिळवत होते. खर्च मोठा झाला की कमी उत्पन्नाच्या लोकांचे गुण घसरले, दुसऱ्यांचे नाही. त्याच अभ्यासात तमिळनाडूतले ऊस शेतकरीही होते. तोच शेतकरी पीक हाती येण्याआधी, तंगीच्या दिवसांत, चाचणीत कमी पडायचा आणि पीक निघाल्यावर जास्त चांगलं करायचा.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार धीर आला होता. पैशाच्या ओढाताणीत नीट सुचत नाही, याचा अर्थ आपण मुळात बेजबाबदार आहोत असा नसतो. काळजीनेच डोक्यातली जागा अडवलेली असते. ती थोडी मोकळी झाली की तोच माणूस बरोबर विचार करतो. तेवढा वेळ मात्र स्वतःला द्यावा लागतो.

मंगळवार

सकाळी गॅरेजला गेले. गाडी लिफ्टवर होती. दादांनी टॉर्च धरून वॉटर पंप दाखवला. "ताई, हे बघा." पंपाच्या अंगाला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावं, म्हणजे माणसाला वेळेत कळावं. त्या भोकाखाली गुलाबी रंगाचा वाळलेला थर धरला होता आणि त्याच्या कडेला एक ओला थेंब. कुलंटच्या टाकीतली पातळी कुठे जात होती आणि तापमानाचा काटा वर का चढत होता, याचं उत्तर तिथे होतं. बोट लावून बघितलं, थर खरखरीत लागला.

खरं सांगायचं तर तो थर बघितल्यावर निम्मी भीती तिथेच ओसरली. कालपर्यंत माझ्याकडे नुसता आकडा होता, आज त्या आकड्यामागची वस्तू डोळ्यांनी दिसली. कर्जात असलेल्या माणसाला मी एवढं नक्की सांगेन की बिलावर वाद घालण्याआधी बिघाड दाखवायला सांगावा. चांगला मेकॅनिक दाखवायला नाही म्हणत नाही.

मग पूर्ण यादी घेऊन बसलो. दादांना मी दोनच प्रश्न विचारले. यातलं काय केलं नाही तर गाडी चालवणं धोक्याचं आहे? आणि यातलं काय लांबवलं तर पुढे खर्च वाढेल?

पंप बदलायलाच हवा, त्यात दुमत नव्हतं. कुलंट संपून इंजिन जास्त तापलं तर सिलिंडर हेड वाकतं, हेड गॅस्केट जातं, आणि मग आजचा आकडा किरकोळ वाटावा अशी वेळ येते. यादीतल्या टायमिंग बेल्टचं, म्हणजे इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणाऱ्या पट्ट्याचं, मात्र मी विचारलं, कारण तो अजून तुटलेला नाही. दादा म्हणाले, या इंजिनात पंप त्याच बेल्टवर फिरतो. पंप काढायचा म्हणजे बेल्ट उतरवायचाच, म्हणजे मजुरी एकदाच लागते. आज पंप आणि काही महिन्यांनी बेल्ट असं केलं तर तीच मजुरी दोनदा. पुष्कळ गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये टायमिंग बेल्ट ६०,००० ते १,००,००० किलोमीटरच्या दरम्यान कधीतरी बदलायला सांगितलेला असतो, आणि आमची गाडी त्या टप्प्यात आली आहे. पुष्कळशा इंजिनांत हा बेल्ट चालत्या गाडीत तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ जातो, ते एकमेकांवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. म्हणजे इंजिन उघडणं आलं. बेल्ट आजच.

बाकीचं थांबू शकत होतं. पुढच्या ब्रेक पॅडची जाडी अजून ५ मिलिमीटर आहे. नवीन पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटरचा असतो आणि ३ च्या आसपास आला की बदलतात. सस्पेन्शनचे बुश, म्हणजे जोडांमधले रबर, आवाज करतायत, पण सुटलेले नाहीत. एसीचा फिल्टर मी घरीच बदलू शकते, डॅशबोर्डच्या खणामागे दोन क्लिपा असतात, बाकी काही नाही. अशा रीतीने अडीचपटीचं दीडपट झालं. घासाघीस करावी लागली नाही. दादांची मजुरी मी एका शब्दानेही कमी करायला सांगितली नाही, त्यांचं काम नेमकं असतं आणि त्याची किंमत त्यांना मिळायला हवी.

जुना पंप आणि बेल्ट मला परत द्या, एवढं सांगून आले.

मंगळवार, रात्री

जेवणं झाल्यावर वही काढली. नवरा म्हणाला, "अगं, राहू दे ना आज, उद्या बघू." पण आज मला बघायचंच होतं, कारण मला भीती रकमेची नव्हती. भीती वाटत होती ती एका विचाराची: आपण कितीही केलं तरी हे कर्ज काही संपणार नाही. हा विचार एकदा घुसला की माणूस हात टेकतो. मग या महिन्याचा भरणा राहतो, पुढच्या महिन्यात "आता एवढ्याने काय होणार" म्हणून राहतो, आणि गाडीच्या एका बिलापायी सगळी शिस्तच मोडते. दुरुस्ती दीड हप्ता, म्हणजे कार्डाचा दीड महिन्याचा भरणा, खाते. हा विचार सगळे हप्ते खातो.

त्यावर मला एकच उपाय माहीत आहे. बिल पैशात मोजायचं नाही, महिन्यांत मोजायचं. कर्जमुक्तीची तारीख किती पुढे जाते, एवढंच काढायचं.

आज करायचं काम एका हप्त्याच्या दीडपट. राखीव ठेवलेल्या पैशांतून त्यातला एक हप्ता निघतो, उरलेला अर्धा या महिन्याच्या भरण्यातून. थांबवलेली कामं पुढच्या दोन महिन्यांत केली तर तेव्हाही अर्धा-अर्धा हप्ताच भरता येईल. म्हणजे तीन महिन्यांत मिळून कर्जात दीड हप्ता कमी जाणार. मिनिमम ड्यू, म्हणजे दर महिन्याला भरावीच लागणारी किमान रक्कम, अर्ध्या हप्त्यातही सुटतो, त्यामुळे लेट फी नाही आणि क्रेडिटच्या नोंदीवर डाग नाही. ही एक रेघ मी कधी ओलांडत नाही. बाकी सगळं लवचिक, पण किमान रक्कम तारखेच्या आत.

आता व्याज. कार्डाचं व्याज महिना २ टक्के धरलं तर चक्रवाढीने ते वर्षाला जवळजवळ २७ टक्के होतं. माझे साधारण वीस हप्ते बाकी आहेत. आज न भरलेला एक हप्ता वीस महिन्यांनी २ टक्के दराने जवळजवळ दीड हप्ता झालेला असतो. तसा हिशेब केला तर तीन महिन्यांत न भरलेल्या दीड हप्त्याचे शेवटी सव्वादोनच्या आसपास होतात. शिवाय राखीव रक्कम पुन्हा उभी करायची, त्यासाठी महिना-दीड महिना धरू. म्हणजे कर्ज संपायला सुमारे चार महिने उशीर.

चार महिने. मी ते वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं आणि नवऱ्याला दाखवलं. तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "एवढंच?" आम्ही दोघंही आतून जणू सगळंच पाण्यात गेल्याच्या हिशेबाने चाललो होतो. गेल्या कितीतरी महिन्यांत फेडलेलं मुद्दल कुठेही गेलेलं नाही. ते फिटलं ते फिटलं. गाडीचं बिल आलं म्हणून बँक ते परत आपल्या नावावर मांडत नाही.

गुरुवार

गाडी आली. जुना बेल्ट हातात घेऊन बघितला. आतल्या बाजूने दात शाबूत, पण पाठीवर आडव्या बारीक भेगा. वाकवला की त्या उघडत होत्या. वेळेत झालं याचं समाधान वाटलं.

येताना विचार करत होते की आपण याला 'अचानक' खर्च का म्हणतो. बेल्ट किती किलोमीटरला बदलायचा हे गाडीच्या पुस्तकातच छापलेलं असतं. बॅटरी सर्वसाधारणपणे तीन ते पाच वर्षं जाते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, म्हणून पुष्कळ कंपन्या ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. टायरच्या खाचांमध्ये तर झीज दाखवणारी खूणच असते. खाच १.६ मिलिमीटरवर आली की रबर त्या खुणेच्या पातळीला येतं. अपघात किंवा दगड लागून फुटलेली काच, हे खरंच अचानक. बाकीचा बराचसा खर्च येणार हे ठरलेलं असतं, फक्त तारीख ठरलेली नसते.

कर्ज फेडणाऱ्या माणसाला एक मोह असतो, तो मला चांगला ठाऊक आहे. हातात आलेला प्रत्येक पैसा कर्जात टाकावा, एकदाचं संपवावं. व्याजाच्या हिशेबाने ते बरोबरही आहे, कारण बचत खात्यात पडलेला पैसा कार्डाच्या व्याजापुढे काहीच कमवत नाही. तरीही गाडीसाठी थोडे पैसे बाजूला ठेवण्याच्या मी पूर्ण बाजूने आहे. ते नसले की प्रत्येक बिघाड पुन्हा कार्डावर जातो. पूर्ण बिल न भरता थकबाकी पुढे ढकललेल्या कार्डावर सहसा नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. त्याहून वाईट म्हणजे उतरत आलेला आकडा पुन्हा वर जातो, आणि ते बघून जे वाटतं त्याची भरपाई कोणत्याही टक्केवारीत होत नाही. यावेळी आकडा वर गेला नाही, नुसता उतरायचा वेग मंदावला. रोज उठून कर्ज फेडत राहायचं बळ टिकतं ते एवढ्याशा फरकावर.

रविवार

आज वहीत गाडीचं वेगळं पान केलं. डावीकडे कामाचं नाव, मग शेवटचं कधी केलं, पुढे अंदाजे कधी येईल आणि अंदाजे खर्च. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, बुश, ब्रेक ऑइल, विमा. सगळ्यांची बेरीज केली, ती कामं जितक्या महिन्यांत पसरतील तितक्याने भागली आणि दर महिन्याला किती बाजूला काढायचे ते निघालं. रक्कम माझ्या अंदाजापेक्षा बरीच लहान आहे. हप्त्याचा सहावा भागसुद्धा नाही. विमा त्यात धरल्यामुळे दरवर्षी त्या एका महिन्यात होणारी ओढाताणही टळेल.

नवऱ्याचं म्हणणं, राखीव रक्कम पुन्हा पूर्ण होईपर्यंत बुशचं काम थांबवू. मला ते पटलं नाही. बुश ढिले राहिले तर टायर एका बाजूने झिजतात आणि या यादीत सगळ्यात महाग टायरच आहेत. थोडी चर्चा झाली. शेवटी असं ठरलं की पुढच्या महिन्यात बुश आणि त्यासोबत व्हील अलाइनमेंट, त्याच्या पुढच्या महिन्यात ब्रेक पॅड, आणि मग पूर्ण हप्ता पुन्हा सुरू.

उद्या बँकेच्या अॅपमधली आपोआप जाणारी रक्कम या तीन महिन्यांपुरती अर्धी करायची आहे, आणि गाडीसाठीच्या खात्यात पगाराच्या दुसऱ्याच दिवशी पैसे वळते होतील अशी नवी सूचना घालायची आहे. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, ते जुन्या बिलांच्या फायलीत अजून सापडलेलं नाही. दादांकडे नोंद असेल, त्यांना विचारते.