वडगावचा सोमवार: चैत्रातला कापडबाजार

पुणे-बेंगळुरू महामार्गाने कोल्हापूरकडे जाताना वाठारपाशी डावीकडे वळले, की दोन्ही बाजूंच्या उसाच्या मळ्यांतून जाणारा रस्ता थोड्याच वेळात पेठ वडगावला पोहोचतो. हातकणंगले तालुक्यातले हे गाव कागदोपत्री शहर असले, तरी त्याचा सारा दिनक्रम भोवतालच्या खेड्यांच्या शेतीवर आणि दुधावर चालतो. मराठ्यांचे सेनापती धनाजी जाधव यांचा मृत्यू 1708 साली याच परिसरात झाला आणि त्यांची समाधी येथेच आहे. इतिहासाचे अभ्यासक त्या ओढीने येतात. मी मात्र गेले ती सोमवारच्या आठवडी बाजारासाठी, आणि तोही चैत्रातला, कारण वर्षातला सर्वांत मोठा उन्हाळी कपड्यांचा व्यवहार या भागात गुढीपाडवा ते वैशाखअखेर एवढ्या अवधीत होतो, असे मी माझ्या कोल्हापूरच्या आत्याकडून लहानपणापासून ऐकत आले होते.

हा काळ एवढा महत्त्वाचा का, ते गावात आल्यावर लगेच कळते. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपत आलेला किंवा नुकताच संपलेला असतो आणि उसाच्या बिलाचे हप्ते हाती येऊ लागलेले असतात. जोतिबाची चैत्र यात्रा होते, तिच्या मागोमाग गावोगावच्या जत्रा सुरू होतात, लग्नसराई ऐन भरात असते, शाळांना सुट्टी लागते आणि माहेरवाशिणी मुलाबाळांना घेऊन माहेरी येतात. यांतले प्रत्येक कारण कपड्याशी बांधलेले आहे. जत्रेला घरच्या माणसांना नवे कपडे आणि देवाला पोशाख हवा, लग्नात आहेर हवा, भाच्यांना मामाकडून कपडे हवेत, लेकीला साडी-चोळी हवी. आणि या सगळ्याच्या खाली उन्हाची साधी, रोजची गरज आहे, अंगाला चिकटणार नाही असे सुती कापड हवे. वडगावच्या पेठेत ‘सेल’ नावाचे फलक या दिवसांत जागोजागी लागतात, पण शहरातल्या मोठ्या दुकानांत उरलेला माल काढून टाकण्यासाठी लावतात तो सेल हा नव्हे. येथे माल या दिवसांसाठीच खास भरलेला असतो.

सकाळी आठच्या सुमारास पोहोचले, तेव्हा पाले उभी राहत होती. मुख्य पेठेतली पक्की दुकाने नंतर सावकाश उघडतात, पण रस्त्याकडेच्या बाजारकरी विक्रेत्यांना ऊन चढण्यापूर्वी माल मांडून मोकळे व्हायचे असते. आदल्या दिवशी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीचा रविवारचा बाजार करून आलेले काही जण त्यांत होते. बांबू रोवणे, ताडपत्री ताणणे, खाली चटई, त्यावर जुनी चादर आणि चादरीवर कापडाच्या घड्या, असा क्रम ठरलेला. जागा कोणाची हे कोठे लिहिलेले नसते, तरी त्यावरून तंटा होताना मला दिसला नाही; ‘इथं आमचं आजोबा बसायचं,’ एवढे सांगितले की पुरे. शेजारचा विक्रेता अजून पोहोचला नसेल, तर त्याच्या जागेवर दुसरे कोणी बसू नये म्हणून आधी आलेला माणूस तेथे आपले एक गाठोडे ठेवून देतो.

मालाची यादी करायची म्हटली, तर त्यातून घरातल्या प्रत्येक माणसाचा उन्हाळा डोळ्यांपुढे उभा राहतो. वयस्कर शेतकऱ्यांसाठी मांजरपाटाची बंडी असते आणि तिला आतल्या बाजूने खिसा असतोच, कारण बाजाराला येताना पैसे तेथेच राहतात. पांढऱ्या टोप्या नंबराप्रमाणे एकात एक घालून रचलेल्या असतात. धोतरे, नाड्याच्या पट्टेरी चड्ड्या, बनियन, पंचे, टॉवेल यांचे ढीग वेगळे. मुलांसाठी झबली, टोपडी आणि बिनबाह्यांचे सुती फ्रॉक. उसात किंवा भाजीपाल्यात भांगलणीला जाणाऱ्या बायका साडीवर घालण्यासाठी जुन्या वळणाचे पूर्ण बाह्यांचे शर्ट निवडून घेतात, कारण उसाचे पाते अंगाला कापते आणि ऊन त्या कापल्या जागी झोंबते. दुचाकीवरून महाविद्यालयात किंवा कारखान्यात जाणाऱ्या मुली सनकोट आणि मोठे स्कार्फ घेतात. सर्वांत जास्त खपणारी वस्तू मात्र सुती गाऊन. खेड्यातल्या मध्यमवयीन स्त्रियांच्या घरातल्या पोशाखात गेल्या काही दशकांत झालेला एवढा मोठा बदल दुसरा नाही, आणि तो कोणत्याही जाहिरातीशिवाय, एकीने दुसरीचा पाहून झाला आहे.

येथले कापड दुरून येत नाही, हे या बाजाराचे मला सर्वांत मोलाचे वाटलेले वैशिष्ट्य आहे. इचलकरंजी येथून तासाभराच्या आत आहे. विठ्ठलराव दातार यांनी 1904 साली तेथे पहिला यंत्रमाग सुरू केला, संस्थानिक नारायणराव घोरपडे यांनी या उद्योगाला पाठबळ दिले, आणि पुढे त्या गावाला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणू लागले. धोतर, पॉपलिन, केंब्रिक, नऊवारी साड्या हे तेथले जुने उत्पादन. मागावरून उतरलेले कोरे कापड प्रक्रियेला जाते, धुतले, रंगवले, छापले जाते आणि त्यातला मोठा भाग पुढे कपडे शिवणाऱ्यांकडे वळतो. घाऊक खरेदीसाठी या भागातले विक्रेते कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जातात. गांधीनगरची गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे, पण ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर, 1943 ते 1948 या वर्षांत, आजच्या गांधीनगरच्या जागी वळिवडे येथे सुमारे 5000 पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेल्या स्त्रिया, मुले आणि वृद्ध त्यांत अधिक होते. ते गेल्यावर त्याच जागी फाळणीमुळे घरदार सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांची वसाहत झाली आणि त्यांनी शून्यातून कापडाची पेठ उभी केली. आज दक्षिण महाराष्ट्र, कोकण आणि उत्तर कर्नाटकातले छोटे दुकानदार तेथून माल नेतात. वडगावच्या पालात चादरीवर मांडलेल्या गाऊनच्या घडीमागे मागवाल्याचे, छपाई करणाऱ्याचे, शिवणाऱ्या बाईचे आणि निर्वासिताच्या नातवाचे असे सगळ्यांचे हात आहेत, आणि ते सारे एका जिल्ह्यात मावतात.

कापड पारखण्याची पद्धत मी एका आजींच्या शेजारी बसून पाहिली. त्या लाटवड्याहून आलेल्या होत्या आणि नातवाच्या लग्नासाठी आहेराचे टॉवेल घेत होत्या. त्यांनी प्रथम कापड दोन बोटांच्या चिमटीत धरून चोळले. खळ जास्त असेल, तर पांढरी भुकटी बोटांना लागते, आणि असे कापड दुकानात ताठ दिसले तरी पहिल्या धुण्यात लोळागोळा होते. मग त्यांनी टॉवेलाचा कोपरा मुठीत आवळून सोडला. सूत असेल तर चुण्या राहतात, पॉलिएस्टरची भेसळ असेल तर कापड लगेच सरळ होते. शेवटी काठाला सुटलेला धागा त्यांनी तोडला आणि विक्रेत्याने काही न बोलता काडेपेटी पुढे केली. सुती धागा कागदासारखा जळून त्याची राख झाली. तो कृत्रिम असता, तर वितळून टोकाला कडक मणी तयार झाला असता. ‘बघा मावशी, फसवून कुठं जायचं? पुढच्या सोमवारी हितंच बसायचं हाय,’ असे विक्रेता म्हणाला. या एका वाक्यात आठवडी बाजाराची सगळी हमी आहे. पावती नसते, बदलून देण्याचे नियम भिंतीवर टांगलेले नसतात, पण माणूस पुढच्या सोमवारी त्याच जागी सापडतो.

दर ठरवण्याचे बोलणे लांबते आणि ते भांडण नसते. साधा गाऊन 150 ते 200 रुपयांना सांगितला जातो, तीन घेतले तर दर उतरतो, आणि ‘वैनी, बोहणीचं गिऱ्हाईक हायसा,’ म्हणून आणखी थोडा उतरतो. उधारीची पद्धत मला विशेष लक्षात राहिली. या भागात दूध संघांकडून गावच्या संस्थेमार्फत दर दहा दिवसांनी दुधाचे बिल मिळते, आणि घरातली जनावरे बहुतेक ठिकाणी बाईच सांभाळत असल्याने त्या पैशावर तिचा शब्द चालतो. कपड्यांची उधारीही त्या बिलाच्या तारखेला बांधलेली असते. एका विक्रेत्या मावशींकडे छोटी वही होती. तिच्यात नावांपुढे रकमा होत्या आणि रकमांपुढे तारखा. आता पालाच्या बांबूला पैसे देण्यासाठी क्यूआर कोडचा पत्रा टांगलेला असतो आणि तरुण गिऱ्हाईक तो वापरतातही, पण त्याच्या खालीच ती वही उघडी असते. लोकांचे उत्पन्न जसे येते, तशी वसुली ठरवणारी ही पद्धत मला कोणत्याही हप्त्याच्या योजनेपेक्षा अधिक माणुसकीची वाटते.

लग्नाच्या खरेदीचे वेगळेच शास्त्र आहे. चार-पाच घरांची माणसे एकत्र येतात, त्यांच्या हातात याद्या असतात. दूरच्या पाहुण्यांना टॉवेल-टोपी, जवळच्यांना भर आहेर, करवल्यांना साड्या, आणि ब्लाउजपीस तर शेकड्याने. कोणाला काय द्यायचे हे घरातली वडीलधारी बाई ठरवते, आणि मागच्या लग्नात त्या घरून काय आले होते ते तिला तोंडपाठ असते. आहेराच्या या देवघेवीवर टीका पुष्कळ होते आणि पैपाहुण्यांच्या दडपणाखाली कर्ज काढणारी घरे आहेत, हे खरे आहे. पत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ असे छापणारी कुटुंबेही आता बरीच आहेत आणि त्यांचा निर्णय मला योग्य वाटतो. तरीही टॉवेल-टोपीचा साधा आहेर टिकावा असे मला मनापासून वाटते. त्याची किंमत कोणालाही झेपते, आणि उन्हात राबणारा माणूस त्या दोन्ही वस्तू खरोखर वापरतो.

बाजाराच्या कडेला शिलाई यंत्र घेऊन बसलेल्या शिंपीदादांकडे दिवसभर रांग होती. साडीला फॉल-पिको, गाऊनची उंची कमी करणे, मुलाच्या पॅन्टला पुढच्या वर्षी उसवता येईल अशी आत दुमड ठेवणे, ही कामे ते तेथेच करून देतात. वाट पाहणाऱ्या बायका यंत्राभोवती बसतात आणि तेवढ्या वेळात पंचक्रोशीची खबरबात एकमेकींना कळते. अंबपच्या कोणाची म्हैस व्याली, घुणकीत नदीच्या पाण्याची पाळी कधी, मिणच्याच्या जत्रेला कोणते पाहुणे येणार, कोणाच्या मुलीसाठी स्थळ पाहायचे आहे, हे सगळे बोलणे मी तेथे ऐकले.

दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेकडून आभाळ भरून आले. दिवसभर पारा 38 अंशांच्या आसपास असणार, हवा कोंदली होती, आणि या भागात असा दिवस वळवाने संपणे नवे नाही. कापड विकणाऱ्याला वळीव म्हणजे मोठे संकट, कारण एकदा माती लागलेले पांढरे कापड नव्याच्या भावाने विकत नाही. वारा सुटताच जे घडले, ते पाहून मला फार समाधान वाटले. भाजीवाल्यांनी आपला माल उघडा टाकला, कारण भाजी भिजली तरी चालते, आणि ते शेजारच्या कापडाच्या पालांकडे धावले. कोणी ताडपत्रीची टोके धरली, कोणी घड्या उचलून पक्क्या दुकानाच्या ओट्यावर नेल्या, दुकानदारांनीही शटरजवळची जागा मोकळी करून दिली, आणि जे त्या वेळी नुसते गिऱ्हाईक होते त्यांनीही दोन्ही हातांवर साड्यांचे गठ्ठे घेतले. पाऊस अर्ध्या तासात थांबला. त्यानंतर कोणता गठ्ठा कोणाचा हे लावायला बराच वेळ गेला, पण कोणाचा माल कमी भरल्याची तक्रार मी ऐकली नाही.

या बाजाराची काळजी वाटावी अशीही कारणे आहेत. इचलकरंजीतले साधे माग भंगारात निघत आहेत. विजेचा खर्च, सुताचे चढ-उतार आणि वेगवान नव्या मागांशी स्पर्धा यांपुढे दोन-चार मागांचा छोटा कारखानदार टिकत नाही. पालांतही पॉलिएस्टरचे प्रमाण वाढत आहे. ते स्वस्त असते, चकचकीत दिसते, आटत नाही आणि लवकर वाळते, त्यामुळे गिऱ्हाइकाला दोष देता येत नाही. पण चैत्र-वैशाखाच्या उन्हात शेतात उभे राहणाऱ्या अंगाला ते घाम टिपून घेत नाही आणि घामोळे वाढवते. मोबाइलवरून मागवलेल्या कपड्यांची पाकिटेही आता वडगावच्या आसपासच्या खेड्यांत रोज पोहोचतात. त्यांत चांगले कपडे असतात, मी स्वतःही घेते. मात्र त्या पाकिटातला धागा जाळून पाहता येत नाही, आणि दुधाच्या बिलापर्यंत थांबणारे तेथे कोणी नसते.

ज्यांना जायचे असेल, त्यांनी अक्षय्य तृतीयेच्या आधीचा एखादा सोमवार निवडावा, सकाळी लवकर पोहोचावे आणि सुट्ट्या नोटा जवळ ठेवाव्यात. कोल्हापुरातून आणि हातकणंगल्याहून एसटी मिळते. बंडी, पंचा, मांजरपाटाचे कापड आणि सुती गाऊन हे निश्चिंतपणे घ्यावे. रंगीत छपाईचे कापड घेतले, तर पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात वेगळे भिजवून धुवावे, असे आजींनी मला बजावून सांगितले आहे. शक्य असेल, तर दुसऱ्या दिवशी इचलकरंजीला जाऊन एखाद्या मागाच्या शेडमध्ये परवानगीने उभे राहावे. धोट्याचा खडखडाट एवढा असतो, की आत काम करणारी माणसे हातवाऱ्यांनी बोलतात, आणि आदल्या दिवशी वडगावात घेतले तसे कापड तेथे विणले जाताना पाहायला मिळते.