संध्याकाळी सहानंतर नाचणारे काटे

गाडीचा मीटर, म्हणजे समोरचा काट्या-दिव्यांचा डबा, बदलण्यासाठी सर्व्हिस सेंटरला दिलेले दोन हजार रुपये ॲडव्हान्स अजून परत आलेले नाहीत, म्हणून हे लिहितोय. फोन केला की उत्तर एकच, "सर, प्रोसेसमध्ये आहे."

गाडी २००८ची, पेट्रोल, १ लाख १२ हजार किलोमीटर झालेली. गेल्या ऑगस्टात एका संध्याकाळी नागपुरात वर्धा रोडवर छत्रपती चौकाच्या सिग्नलला उभा होतो. पाऊस भुरभुरत होता. अचानक टेंपरेचरचा काटा सरसर वर चढला आणि पेट्रोलचाही काटा डोलायला लागला. खाली ऑइल आणि बॅटरीचे लाल दिवे धड लागलेले नाहीत, धड विझलेले नाहीत, समईसारखे मंद. गाडी कडेला घेतली, बंद केली, बॉनेट उघडलं. कूलंटच्या बाटलीत पातळी बरोबर, डिपस्टिकवर ऑइल बरोबर. (गरम रेडिएटरचं झाकण उघडायला जाऊ नका, वाफेनं हात भाजतो.) पंधरा मिनिटांनी सुरू केली, दोन मिनिटं नीट चालली, मग पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला सर्व्हिस सेंटर. नाव घेत नाही. संध्याकाळी साडेपाचला गाडी धुऊनपुसून परत, जॉब कार्डवर 'नो प्रॉब्लेम फाउंड'. स्कॅनर लावला होता, बिघाडाचा एकही कोड नाही. मला तेव्हा कळलं नव्हतं, पण कोड नाही याचा अर्थ बिघाड नाही असा होत नाही. स्कॅनर इंजिनच्या कंप्युटरला विचारतो. मीटरच्या मागची तार सैल आहे हे त्याच्या गावीही नसतं. बिल ८५० रुपये. ऑफिसात थोडं काम होतं, ते उरकून सातला घरी निघालो. तोच चौक, तोच काटा.

दुसऱ्या फेरीत सांगितलं, बॅटरी वीक आहे. ४,६०० रुपयांची नवी बसवली. ही माझी घाई. बॅटरी खरंच वीक आहे का, ते मल्टिमीटर लावून दोन मिनिटांत कळतं: गाडी रात्रभर उभी असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास. चालू गाडीतही बारा-साडेबाराच दाखवत असेल तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) बघा, बॅटरी बिचारी निर्दोष असू शकते. माझं दोन्ही ठीक होतं, हे पैसे देऊन झाल्यावर कळलं.

तिसऱ्या फेरीला मी व्हिडिओ काढून नेला. काउंटरवरच्या मुलानं मोबाइलकडे पाहिलंही नाही. "व्हिडिओवर जॉब कार्ड बनत नाही सर. आमच्यासमोर झालं पाहिजे."

"मग मी संध्याकाळी साडेसातला घेऊन येतो, तेव्हाच होतं."

"सहाला गेट बंद होते सर."

"मग सकाळी कसं होणार तुमच्यासमोर?"

यावर तो आत गेला, वीस मिनिटांनी बाहेर आला. मीटर पूर्ण बदलावा लागेल, १३,८०० रुपये, जुनं मॉडेल असल्यानं मागवावा लागेल, तीन आठवडे, ॲडव्हान्स दोन हजार. सकाळपासून तिथल्या खुर्चीवर बसून मी इतका कंटाळलो होतो की देऊन टाकले. बाहेर येऊन टपरीवर तर्री-पोहे खाल्ले तेव्हा डोकं जरा ताळ्यावर आलं. बिघाड काय आहे ते कोणी सांगितलंच नव्हतं, फक्त किंमत सांगितली होती.

त्या रात्री तोच व्हिडिओ घरी पुन्हा लावला. मुलगी बाजूला बसून अभ्यास करत होती. म्हणाली, "बाबा, काटा टिक-टिकवर नाचतोय." आवाज वाढवून पाहिलं. खरंच, इंडिकेटरच्या प्रत्येक 'टिक'ला काटा किंचित उडत होता. आणि हे सगळं होतं तेव्हा हेडलाइट लागलेले असायचे. दिवसा दिवे बंद, म्हणून दिवसा गाडी शहाण्यासारखी. सर्व्हिस सेंटरात दिवे लावून कोणी बघितलंच नसणार.

मानेवाडा रोडवर एक वायरमन आहे, बोलावलं तेही संध्याकाळीच. मी काही बोलायच्या आत त्यानं विचारलं, "दिवे लावल्यावर होते ना भाऊ? मंग अर्थिंग गेली तुमची." अर्थिंग म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट. हेडलाइट, ब्लोअर, इंडिकेटर सगळं चालू करायला लावलं. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी मीटरच्या अर्थ वायरला. १.४ व्होल्ट. शून्याच्या जवळ हवं होतं. मग एक साधी तार घेऊन मीटरची अर्थिंग थेट बॅटरीच्या मायनसला जोडली, आणि काटा जागच्या जागी थांबला, शाळेत गुरुजी वर्गात आल्यासारखा.

मूळ जागा डाव्या पायाशी, प्लास्टिकच्या पत्र्यामागे. दहा नंबरच्या पान्याचा एक नट, त्याखाली तीन-चार तारांच्या थिंबल (टोकाच्या कड्या) एकावर एक, वरती हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी झिरपत तिथवर येत होतं. गालिच्याला वास येत होता तो वेगळाच, मी ओल्या छत्रीवर ढकलत होतो. पाणी अर्थिंगचा जोड खातं. मीटर, दिवे, इंडिकेटर, सगळ्यांचा करंट परत जायची वाट तीच. वाट अडली की तो भलतीकडून मार्ग काढतो, म्हणून काटे चढतात आणि विझलेले दिवे मंद पेटतात.

पॉलिश पेपरनं घासलं, नट आवळला, वर ग्रीस फासलं. ३५० रुपये, वेळ चाळीस मिनिटं. काचेचं रबर नंतर ४०० रुपयांत चिकटवून घेतलं.

एकच काटा वेडा झाला असेल तर त्या काट्याचा सेन्सर किंवा त्याची तार आधी बघा. दोन-तीन एकदम हलत असतील तर सगळ्यांची मिळून असलेली अर्थिंग, नाहीतर मीटरचा फ्यूज आणि सप्लाय. मीटर बदलायचा विचार या सगळ्यानंतर. ऑइलचा लाल दिवा मात्र मंद नाही, पूर्ण प्रखर पेटला तर गाडी तिथेच बंद करा, अर्थिंगचा विचार घरी करा.

हो, एक राहिलंच. चावी फिरवून इंजिन सुरू करण्याआधी सगळे दिवे लागतात का ते रोज एक नजर पाहत जा. माझा ऑइलचा दिवा या महिनाभराच्या भानगडीत लागायचाच बंद झाला होता, वायरमननंच दाखवलं. बल्ब वीस रुपयांचा निघाला.