किसी पेनी: लग्नात द्यायचं लोखंड

आजचा दिवस किसी पेनींमध्येच गेला. सिएरा लिओन, गिनी, लायबेरियाच्या सीमाभागातलं हे लोखंडी चलन. वधूमूल्य म्हणूनही द्यायचे, बहुधा 20-20 च्या जुड्या बांधून. पिळलेली कांडी, एका टोकाला इंग्रजी टीसारखे फाटे, दुसरं टोक ठोकून पसरट केलेलं. ही घडण नुसती शोभेची नाही! ठिसूळ लोखंड पीळ देतानाच तडकतं, आणि दोन्ही टोकं शाबूत म्हणजे कुणी तुकडा कापलेला नाही. कांडी मोडली की तिचा आत्मा गेला, असं मानत; विधी जाणणाऱ्याने ती विधिपूर्वक जोडेपर्यंत चालत नसे. संग्रहात असेल तर गंजाला ॲसिड लावू नका, पिळाच्या कडा खाल्ल्या जातात. मऊ, कोरडा ब्रश पुरे.