देवाचे कुत्रे: लात्वियातला थीस म्हातारा

रीगात राहायला आल्यापासून इथल्या इतिहासातल्या ज्या माणसाचा मला सगळ्यांत जास्त लळा लागला, तो राजा नाही की सरदार नाही. तो ऐंशी ओलांडलेला एक गरीब शेतकरी आहे, आणि त्याने भर कोर्टात सांगितलं होतं की मी वेअरवुल्फ, म्हणजे लांडग्याचं रूप घेणारा माणूस, आहे. त्याचं नाव थीस.

साल 1691. आजच्या लात्वियाचा हा भाग तेव्हा लिव्होनिया म्हणून ओळखला जायचा. राज्य स्वीडनचं, जमीनदार आणि न्यायाधीश जर्मन, आणि शेतात राबणारे लाटवियन कुळवाडी त्यांचे जवळजवळ गुलाम. युर्गेन्सबुर्ग गावात चर्चमधल्या चोरीचा खटला चालू होता. थीस त्यात नुसता साक्षीदार होता. त्याने शपथ घेतली आणि तिथे हजर असलेल्या एका खाणावळवाल्याला हसू आलं. का हसलास, असं विचारल्यावर तो म्हणाला, अहो, हा लांडगा होऊन फिरतो हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे, याची शपथ कसली घेताय!

न्यायाधीशांनी थीसलाच विचारलं. त्याने सरळ कबूल केलं. पूर्वी होतो, आता सोडून दिलंय, म्हणाला. दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कोर्टात हेच सांगितलं होतं, तेव्हा त्या लोकांनी हसून सोडून दिलं होतं. या वेळी मात्र चोरी राहिली बाजूला आणि थीसचीच चौकशी सुरू झाली.

त्याने जे सांगितलं ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर डोक्यातून गेलं नाही. वर्षातून तीन रात्री, म्हणजे नाताळाआधी सेंट लुसियाच्या रात्री, पेंटेकॉस्टला (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा ख्रिस्ती सण) आणि जूनमधल्या सेंट जॉनच्या रात्री, हे लोक लांडगे होऊन नरकात जात. नरक कुठे? दलदलीपलीकडे, जमिनीखाली. गावातले चेटके लोक धान्याची, फळांची, गुराढोरांची बरकत चोरून सैतानाकडे पोचवतात, ती हे लांडगे परत हिसकावून आणतात. नरकाच्या दारावर पहारेकरी लोखंडी चाबकांनी मारतात. थीसचं नाक मोडलेलं होतं; तेही तिथल्याच मारामारीत एका चेटक्या शेतकऱ्याने घोड्याचं शेपूट गुंडाळलेल्या झाडूच्या दांड्याने फोडलं, असं तो सांगत असे. आदल्या वर्षी आपल्या लोकांना उशीर झाला, रशियातले वेअरवुल्फ आधी पोचले आणि त्यांच्याकडे जवस चांगलं आलं. यंदा आपण पहिले पोचलोय, पीक जोरात येणार, हेही त्याने कोर्टाला सांगितलं.

न्यायाधीशांना हे पचेना. ते पुन्हा पुन्हा विचारत होते की सैतानाशी करार केव्हा केलास. थीसचं उत्तर बदललं नाही. सैतानाला आम्ही डोळ्यांसमोर नको असतो, आम्ही देवाचे कुत्रे आहोत, मेल्यावर आमचे आत्मे स्वर्गात जातात. चर्चच्या पाद्रींना बोलावलं, पश्चात्ताप कर म्हणून त्यांनी खूप समजावलं. थीसचं म्हणणं, पाद्री अजून तरुण आहेत, यातलं मला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं.

तो मंतरलेलं मीठ आणि कोमट बिअर देऊन आजारी माणसं आणि गुरं बरी करायचा. त्याच्या मंत्रात सूर्य होता, चंद्र होता, समुद्र होता, पण देवाचं नाव नव्हतं, आणि हेच कोर्टाला फार खटकलं. ऑक्टोबर 1692 मध्ये फटके आणि कायमची हद्दपारी अशी शिक्षा झाली. त्या काळाच्या मानाने हे कमीच म्हणायचं. 1589 मध्ये जर्मनीत कोलोनजवळच्या बेडबुर्गला पीटर श्टुम्प नावाच्या शेतकऱ्याला याच आरोपाखाली चाकावर बांधून हालहाल करून मारलं होतं.

मी मूळची सिंधुदुर्गातली. आमच्याकडे शिवेवर फिरणारा देवचार, राखणदार म्हणून ज्याला नारळ ठेवतात, त्याच्याबद्दल भीती आणि भरवसा दोन्ही एकाच मनात असतात. म्हणून असेल कदाचित, थीसचं बोलणं मला वेड्या म्हाताऱ्याची बडबड वाटलं नाही. लिव्होनिया म्हणजे स्वीडनचं धान्याचं कोठार. ज्यांनी पिकवायचं त्यांच्या डोळ्यांदेखत रास कुठेतरी निघून जायची. या खटल्यानंतर चारच वर्षांत इथे मोठा दुष्काळ पडला आणि माणसं उपासमारीने मेली. अशा गावात रात्री कुणीतरी धान्य परत आणायला जातंय, ही गोष्ट लोक जीव लावून जपणारच. हा अर्थ माझा आहे, पण मला तो पटतो.

इथल्या लोककथांमधला विल्कात्सिस, म्हणजे लाटवियन वेअरवुल्फ, मात्र नेहमीच असा परोपकारी नसतो. शेंडा वाकून पुन्हा जमिनीत रुजलेल्या झाडाखालून कपडे काढून सरपटत गेलं की माणूस लांडगा होतो, आणि तेवढ्यात कुणी कपडे हलवले तर परत माणूस होता येत नाही. स्वीडनचा बिशप ओलाउस माग्नुस 1555 च्या पुस्तकात लिहितो की नाताळच्या रात्री या भागातले वेअरवुल्फ घरांत शिरून तळघरातली बिअर पिऊन टाकतात, आणि खऱ्या लांडग्यांहून ते वेगळे ओळखू येतात ते यामुळेच.

आता चित्रांकडे येते, कारण मला खरं तर त्याबद्दलच बोलायचंय. जर्मन चित्रकार लुकास क्रानाखने 1512 च्या सुमारास वेअरवुल्फचं लाकूडठशाचं चित्र केलं. नीट बघा, त्यात लांडगा नाहीच. विस्कटलेल्या केसांचा एक माणूस चार पायांवर रांगतोय, तोंडात तान्हं मूल, आजूबाजूला तुटलेले हातपाय, मागे घराच्या दारात आई आकांत करतेय. ना केसाळ अंग, ना चंद्र. बघताना पोटात खड्डा पडतो, तो माणसाचा चेहरा माणसाचाच राहिल्यामुळे.

आजच्या फँटसी आर्टमध्ये एकच मूर्ती फिरून फिरून येते: दोन पायांवर उभा, पिळदार अंग, फाटलेला शर्ट, मागे भलामोठा पूर्ण चंद्र. दर पौर्णिमेला रूप पालटायची सक्ती आणि चांदीची गोळी यांचा जम बसवला तो 1940 च्या दशकातल्या हॉलिवूडने. थीसच्या जबानीत तारखा शेतकऱ्याच्या आहेत: पेरणी, उन्हाळा, हिवाळ्याचं तोंड. त्यातली सेंट जॉनची रात्र लाटवियन लोक आजही सगळ्यांत मोठा सण म्हणून जागवतात. ओकच्या पानांचे मुकुट, शेकोट्या, शहाजिरं घातलेलं चीज, बिअर. आमच्या शेजारच्या आजी त्या रात्री मला हाताला धरून शेताच्या कडेने फिरवून आणतात, म्हणतात, पिकासाठी चालायचं असतं.

माझ्या वाचकांत चित्रं काढणारी बरीच मुलंमुली आहेत, दरवर्षी कुणी ना कुणी मला आपलं वेअरवुल्फचं चित्र पाठवतं. या वेळी थीस काढा ना. मोडक्या नाकाचा, पाठीवर चाबकाचे वळ असलेला म्हातारा लांडगा, दलदलीतून बाहेर येताना, तोंडात राय नावाच्या धान्याची कणसं. सोबत त्याची टोळी काढा, तो एकटा जात नव्हता. आणि मागे चंद्र काढलात तर चंद्रकोर काढा. तारखा त्याने स्वतः सांगून ठेवल्यात, त्यांत पौर्णिमा कुठेच नाही.